जवारी लावलेली पाती

भिंतीला टांगलेला तंबोरा आपणहून वाजायला लागला, तेव्हा दिलावर शिकलगारांना आधी आनंदच झाला.

सकाळचे दहा वाजले होते. मिरजेत वारा दहाला येतो आणि पाचला जातो, अगदी सरकारी कचेरीसारखा. गल्लीतल्या गच्च्यांवर पवनचक्क्या फिरू लागल्या होत्या. खाली दुकानात दिलावरचाचा चष्मा पुसत बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर, खुंटीला टांगलेल्या तंबोऱ्याच्या तारा कुणी हात न लावता गुणगुणत होत्या. आढ्याला बांधलेल्या मंगळवेढ्याच्या सुक्या भोपळ्यांना बोट लावलं तर तेही आतून थरथरत होते.

"गातायत की!" चाचा स्वतःशीच म्हणाले. वर फिरणारी सगळी पाती त्यांच्या हातची होती. आपलं काम गातंय हे चौसष्टाव्या वर्षी कळणं, यापरतं सुख कारागिराला नाही.

ते सुख जेमतेम पाच मिनिटं टिकलं. समोरच्या घरातल्या कुसुमताई आवटी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं पाळणाघर होतं, चौदा पोरांचं. एक कडेवर होतं, एक पदराला धरून.

"दिलावरभाई, त्या चक्क्या बंद करा आदी. चार दिवस झालं, एक पोरगं दुपारचं डोळा मिटंना. फळीवरचे डबे चालत्यात. काल साखरेचा डबा चालत चालत कडंला आला आन पडला खाली. मी दमलो बघा."

"पण आवाज कुठं येतोय, ताई?"

"आवाज असता तर कानात बोळे घातले असते की. ह्यो छातीत वाजतोय!"

चाचांनी मान वर करून तंबोऱ्याकडे पाहिलं. माणसाची छाती तरी काय, पोकळ भोपळाच. त्यांचा चेहरा उतरला.

हे सगळं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. तोवर तंबोरा केव्हाच फोनमध्ये जाऊन बसला होता. गवई बोट फिरवून हवा तो सूर लावायचे. त्यामुळे शिकलगार गल्लीतल्या अकरा कारखान्यांपैकी आठांना कुलपं लागली होती. अशात एक दिवस प्राची मगदूम नावाची बत्तीस वर्षांची इंजिनिअर चाचांच्या दुकानात आली. तिला तंबोरा नको होता. तिला पवनचक्कीची पाती घासून हवी होती.

पठारावरच्या उंच पवनचक्क्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्यांना वाऱ्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं. गावातला वारा काही असा सरळ येत नाही. तो बोळातून शिरतो, पाण्याच्या टाकीला वळसा घालतो आणि मागून येऊन गाठतो. त्याच्यासाठी उभ्या आसाची चक्की बरी: मध्ये खांब, भोवती तीन उभी पाती, ताकातल्या रवीसारखी जागच्या जागी फिरणारी. वारा कुठूनही येवो, तिला सारखाच.

पण तिला एक खोड आहे. तिचं पातं प्रत्येक फेऱ्यात एकदा वाऱ्याला सामोरं जातं आणि एकदा पाठ फिरवतं, म्हणून वारा त्याला ज्या कोनात भेटतो तो कोन सारखा बदलत राहतो. कोन फार वाढला की पात्याला चिकटून वाहणारी हवा एकदम सुटते, तिचा भोवरा होतो आणि तो मागच्या कडेवरून धप्पकन निसटतो. फेऱ्याफेऱ्याला, पात्यापात्याला हा एक धपका. माळावर तो कुणी ऐकत नाही, पण घराच्या डोक्यावर दिवसभर कोण सोसणार? प्राची आणि तिचे सहकारी सहा वर्षं याच धपक्याशी झुंजत होते.

मग कुठल्याशा मैफलीत तिच्या शेजारी बसलेल्या माणसानं तिला जवारी समजावून सांगितली. तंबोऱ्याची तार हाडाच्या एका पट्टीवरून जाते, तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला डोळ्याला न दिसणारा उतार असतो, आणि हलणारी तार त्या उतारावरून एकदम सुटत नाही, टेकत टेकत सुटते. म्हणून तंबोरा बोलतो. तो उतार कानशीनं घासून बसवणं म्हणजे जवारी काढणं. घासणं केसाच्या दहाव्या हिश्शानं चुकलं तर तार मुकी होते, नाहीतर करवादते.

"तार जशी घोडी सोडते, तसं वाऱ्यानं पातं सोडायला हवं," प्राची त्या दिवशी म्हणाली होती. "टेकत टेकत. जमेल का, चाचा?"

"वाऱ्याला जवारी?" चाचा पोट धरून हसले होते. "आमचे पणजे तलवारीला धार लावायचे. तलवारी गेल्या, तवा त्यांनी सतारी धरल्या. सतारी चालल्यात, आता वारा धरूया की!"

जुन्या सरकीच्या गोदामात मोठा पंखा बसवला गेला. चाचा पंख्यापुढे पातं धरत, नळी कानाला लावत, मागची कड दोन बोटं रुंदीची घासत आणि पुन्हा ऐकत. सात महिन्यांनी धपका गेला. मग त्यांच्या बोटांना तारांचे मोजे घालून एका यंत्राच्या हातानं त्यांचं घासणं शिकून घेतलं: कानशीवर दाब किती, कुठं थांबायचं, कुठं उलटं वळायचं. गल्लीनं त्या यंत्राचं नाव ठेवलं नकल्या. नकल्या शिकला आणि पाहता पाहता पाच गल्ल्यांमधल्या एकशे बारा गच्च्यांवर चक्क्या उभ्या राहिल्या, शेवटच्या काही तर याच आठवड्यात. आठ कारखान्यांची कुलपं निघाली. ज्या पोरांनी भाजीच्या गाड्या लावल्या होत्या, ती परत कानशी घेऊन बसली.

आणि इथंच घोळ झाला होता, फक्त तो अजून कुणाला कळला नव्हता.

चाचांचा निरोप मिळताच प्राची यंत्रं घेऊन आली. एक चक्की एकटी फिरवली. आवाज नाही, थरथर नाही. दोन फिरवल्या, तीन फिरवल्या. सगळ्या सोडल्या, तसा पावणेअकराच्या सुमारास भोपळा हलला.

"एकेक चक्की स्वच्छ आहे, चाचा," ती गच्चीवर फतकल मारून म्हणाली. "पण सगळ्या मिळून एक ताल धरतायत."

तिनं समजावलं ते असं. प्रत्येक चक्कीमागून हलकासा घुसळलेला वारा निघतो आणि पुढच्या चक्कीला जाऊन ढोसतो. दोन चक्क्यांची चाल वेगळी असेल तर ढोसणं वाया जातं. चाल हुबेहूब एक असेल तर मात्र ढोसत ढोसत दोघी पावलाला पाऊल जुळवून चालू लागतात. भजनात टाळ्या नाही का आपोआप एक होत? पात्याचा धपका चाचांनी घालवला होता, पण घालवला म्हणजे कानाला न कळण्याइतका बारीक केला होता. आता तीनशे छत्तीस पात्यांचे ते बारीक धपके एकाच क्षणी पडत होते, सेकंदाला दहा. इतका खालचा सूर कानाला ऐकू येत नाही. डब्यांना, भोपळ्यांना आणि पोरांच्या छातीला येतो.

"पण पाती इतकी सारखी कशी निघाली हेच मला कळत नाही," प्राची म्हणाली. "साच्यातून निघताना थोडाफार फरक राहतोच. आम्ही तो चालवून घेतो."

चाचा खाली मान घालून बसले. "मी न्हाई चालवून घेतला."

त्यांच्या घराण्यात तंबोरे जोडीनं करायची रीत होती. गवयाच्या मागं दोन तंबोरे, दोन्ही एका जिवाचे. जोडी जुळली नाही तर ती जोडी नव्हे, नुसता शेजार, असं त्यांचे वडील, वालिद, म्हणत. त्या रीतीनं चाचांनी नकल्याकडून आलेलं प्रत्येक पातं टिचकी मारून ऐकलं होतं, तोललं होतं, आणि जे उन्नीस-बीस वाटलं ते पुन्हा हातानं घासून बाकीच्यांशी जुळवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. नकल्या आल्यापासून रोज संध्याकाळी ते हेच करत होते, आणि मोठ्या अभिमानानं.

"म्हणजे माझी जोडी लई जुळली."

"हो, चाचा."

"आख्खा जलम ह्याच्यासाठी घातला की गं मी," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच रडू आलं.

दोन दिवसांनी महापालिकेची नोटीस आली. पंधरा दिवसांत थरथर थांबली नाही तर एकशे बारा चक्क्या उतरवायच्या. उतरल्या की आठ कारखान्यांना पुन्हा कुलपं, हे सांगायला नोटीस लागत नव्हती.

प्राचीनं नकल्याला पात्यांमध्ये मुद्दाम फरक करायला लावलं. थोडा फरक केला, चक्क्यांनी पुन्हा ताल धरला. जास्त केला, तर पाती शिट्टी मारू लागली आणि वीज निम्मी झाली. सहा दिवस असे गेले.

"मला चुकलेली पाती नकोत," ती वैतागून म्हणाली. "वेगळी पण बरोबर हवीत. नकल्याला बरोबर एकच माहीत आहे, तुमचं. मी गल्लीतल्या चौघांना घासायला बसवलं, तर चौघांचं काम तुमच्यासारखंच."

"माझ्याच हाताखाली शिकल्यात."

"मिरजेत दुसरा हात कुणाचाच नाही?"

चाचांनी कानस फडक्यानं पुसली, उलटी करून पुन्हा पुसली. "न्हाई," ते म्हणाले.

ते खोटं होतं, आणि ते दुसऱ्याच दिवशी उघडं पडलं. कुसुमताई आल्या त्या कडेवर पोर न घेता. "आठ पोरं काढून नेली आयांनी," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर माजा राग न्हाई. पण दिलावरभाई, सिराजभाईला विचारलंसा का?"

प्राचीनं चाचांकडे पाहिलं. "सिराजभाई कोण?"

"ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ," कुसुमताईच बोलल्या. "असली जवारी काढायचा, की आमी हातातली लाटणी ठेवून ऐकत बसायचो. नऊ वर्सं झाली, गल्ली सोडून गेला. स्टेशनापलीकडं पिठाची गिरणी चालवतोय."

कुसुमताई गेल्यावर चाचांनी कानस खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं. एका मोठ्या गायिकेसाठी दोघा भावांनी जोडी केली होती. एका तंबोऱ्याची जवारी दिलावरची, दुसऱ्याची सिराजची. सिराजची जवारी जरा खुली, मोकळी. नेऊन देण्याच्या आदल्या संध्याकाळी, सिराज नमाजाला गेला असताना दिलावरनं त्याच्या घोडीवर कानस मारली आणि ती आपल्यासारखी करून टाकली. या धंद्यात माणूस एक वेळ दुसऱ्याच्या ताटातलं खाईल, पण दुसऱ्याच्या जवारीला हात लावणार नाही. सिराज परत आला, त्यानं एकदाच तार छेडली, आणि कानशी गोळा करून निघून गेला.

"तुम्ही माफी मागितली नाही?" प्राचीनं विचारलं.

"जोडी जुळाय नको हुती का?" चाचा म्हणाले. नऊ वर्षं ते स्वतःला हेच सांगत आले होते. आज ते वाक्य तोंडातून निघालं आणि त्यांना ऐकवेना. खुंटीवरचा तंबोरा अजून गुणगुणतच होता.

चाचा आणि प्राची गिरणीत गेले तेव्हा सिराज गिरणीचा दगड उलटा टाकून त्याला टाकी लावत, झिजलेल्या खाचा पुन्हा पाडत बसला होता. भुवयांवर पीठ, हातात छिन्नी. छिन्नीचे ठोके एका लयीत पडत होते. तो आता साठीचा झाला होता, आणि मागून हुबेहूब वालिदांसारखा दिसत होता.

"या," सिराज म्हणाला, जसं गिऱ्हाइकाला म्हणतात. दोघा भावांची घरची बोली दखनी, पण तो मराठीत बोलला. "दळायला काय आणलंय?"

प्राची सगळं सांगू लागली. सिराजनं तिचं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो भावाकडे न बघता म्हणाला, "माझ्या घोडीवर कानस कुणी मारली हुती, हे ह्यांनी सांगितलं का तुमाला?"

"मी मारली," चाचा म्हणाले.

"का?"

"जोडी जुळंना म्हणून."

छिन्नी थांबली. "जुळत नव्हती?"

चाचांना परत फिरता आलं असतं. रिक्षा बाहेर उभी होती. पण गल्लीतले आठ कारखाने, कुसुमताईंचं निम्मं रिकामं पाळणाघर आणि मागून वालिदांसारखा दिसणारा हा माणूस, यांच्यापुढं आता खोटं बोलायची त्यांच्यात ताकद उरली नव्हती.

"जुळत हुती, सिराज. तुझी माझ्यापेक्षा खुली हुती, आन चांगली हुती. मला ते सोसलं न्हाई. तू नमाजाला गेलास आन मी चोरासारखी कानस मारली. चुकलं माझं."

दळणाला आलेली एक बाई डबा घेऊन तशीच उभी राहिली होती. सिराजनं तिला हातानं थांबायला सांगितलं.

"नऊ वर्सं लागली एवढं बोलाय."

"आख्खी गल्ली हलाय लागली, तवा तोंड उघडलं," चाचा म्हणाले.

सिराजच्या मिशीत काहीतरी हललं, ते हसू होतं की नाही सांगता येणार नाही. "किती पाती हायत?"

"निम्म्या चक्क्यांची. एकशे अडुसष्ट," प्राची म्हणाली.

"करतो. पण एक. माझ्या पात्याला ह्यांनी हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत."

"आन ऐकून बोलायचं बी न्हाई."

ही अट पहिल्या अटीपेक्षा कठीण होती. पण चाचांनी मान हलवली.

सिराजनं चार दिवस गोदामात घासलं. चाचा बाहेर ओट्यावर बसून ऐकत. त्यांच्या कानाला भावाचं पातं सरळ सरळ करवादत होतं. कड जिथं त्यांनी निमुळती केली असती तिथं सिराजनं ती भरीव ठेवली होती, आणि जिथं त्यांनी थांबायचं तिथं तो पुढे घासत गेला होता. दोनदा ते उठून दारापर्यंत गेले आणि दोनदा परत येऊन बसले. प्राचीनं मोजलं तेव्हा सिराजच्या पात्यांनी वीज तेवढीच दिली आणि धपकाही तेवढाच बारीक ठेवला. फक्त त्याच वाऱ्यात ती शंभराला चार फेरे जास्त घेत होती.

"मला हेच हवं होतं," ती म्हणाली. "चार पुरेत. आता ढोसलं तरी पावलाला पाऊल जुळणार नाही."

नकल्या दुसरा हात शिकला. एकाआड एक गच्चीवर सिराजची पाती चढू लागली, तशी आयांनी काढून नेलेली पोरंही एकेक करून पाळणाघरात परत आली. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा एकच चक्की उरली होती, चाचांच्याच दुकानावरची, आणि तिचंही एकच पातं बसायचं होतं. प्राची, सिराज आणि महापालिकेचे साहेब खाली चहा घेत होते. चाचा पातं घेऊन एकटेच गच्चीवर गेले. सोबत पाना होता. खिशात छोटी कानस होती, ती नेहमीच असते.

पातं खांबाला लावण्याआधी त्यांनी सवयीनं मागच्या कडेवरून अंगठा फिरवला. मधोमध, वीतभर लांबीत, उतार त्यांना जरा उभा वाटला. नकल्याची चूक नव्हती, हे सिराजच्याच हाताचं वळण होतं. कानशीचे दोन हात, फक्त दोन, आणि कड लोण्यासारखी झाली असती. कुणाला कळलं नसतं. एका पात्यानं गल्ली हलली नसती. जिन्यावर कुणी नव्हतं. त्यांचा हात खिशात गेला, कानशीची मूठ मुठीत आली. नऊ वर्षांपूर्वीही जिन्यावर कुणी नव्हतं.

त्यांनी खिशातला हात रिकामा बाहेर काढला आणि पातं होतं तसं बसवलं. चारही बोल्ट आवळले.

दहाला वारा आला. चक्क्या हलल्या, मग फिरल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. दुकानातली सगळी माणसं मान वर करून तंबोऱ्याकडे बघत होती. अकरा वाजले. तंबोरा गप्प होता. प्राचीनं भोपळ्यावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला आणि मग हसून काढून घेतला. साहेबांनी कागदावर सही केली आणि आणखी एक चहा घेऊन ते गेले. प्राचीही आपली यंत्रं उचलायला वर गेली.

दोघे भाऊ दुकानात उरले. चाचांनी खिशातली कानस काढून सिराजपुढे ठेवली.

"वर शेवटचं पातं बसवलं. मधल्या वीतभरात उतार उभा राहिलाय," ते म्हणाले. "माझ्या कानाला तुझी सगळीच पाती करवादत्यात. बोलायचं नव्हतं, बोललो. पण हात लावला न्हाई."

सिराजनं कानशीकडे पाहिलं, मग भावाकडे. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो दखनीत बोलला. "तेराइच कान सच्चा क्या?"

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. उतार उभा की आडवा, खुली जवारी चांगली की बंद, वालिद कुणाच्या बाजूचे होते, त्या गायिकेनं नक्की काय म्हटलं होतं. नऊ वर्षांचं तुंबलेलं भांडण दोघांनी दखनीत, हातवारे करत, एकमेकांचं वाक्य तोडत मोकळं केलं. चाचांचा आवाज चढला, सिराजचा त्याच्या वर गेला. चाचांनी खुंटीवरचा तंबोरा काढून मांडीवर घेतला आणि "सुन, सुन" म्हणत तार छेडली.

तेवढ्यात कुसुमताई आवटी दारात येऊन उभ्या राहिल्या. कडेवर पोर नव्हतं, पदरालाही नव्हतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला की ओ," त्या कुजबुजल्या. "चौदाच्या चौदा झोपल्यात."